पांढऱ्या पाकिटातलं यीस्ट

मधुसूदनरावांना घाई म्हणून कधी जमली नाही. लग्नसुद्धा त्यांनी सदतिसाव्या वर्षी केलं, तेही भानुमतीच्या वडिलांनी तिसऱ्यांदा निरोप धाडल्यावर. शहराबाहेरच्या एका बिअरच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं यीस्ट सांभाळलं. यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण. ते घालायचं आणि वाट बघत बसायचं. ह्या माणसाने बत्तीस वर्षं पगार घेऊन वाट पाहिली, असं भानुमती म्हणायची, आणि ते काही फारसं खोटं नव्हतं. वडील गंगापूरच्या कचेरीत कारकून, आजोबा पूजा सांगणारे, त्यामुळे नातेवाइकांत मुलगा 'औषधांच्या कंपनीत' आहे असंच सांगितलं जायचं. कारखान्यात मात्र मधुसूदनरावांच्या सहीशिवाय एकही टाकी पुढे सरकत नसे.

आणि त्यांची सही सांडूने अंगठा वर केल्याशिवाय होत नसे. हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

सांडू हा पडेगावचा, थंड तळघरात टाक्या सांभाळणारा कामगार. रोज सकाळी तो प्रत्येक टाकीच्या तोटीतून पेल्यात घोटभर बिअर घ्यायचा, नाकाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. तयार असली तर अंगठा वर. नसली तर मान हलवून पुढच्या टाकीकडे. प्रयोगशाळेचा कागद दुपारी यायचा आणि बहुतेक वेळा सांडूचंच म्हणणं खरं निघायचं. चौऱ्याण्णव साली तर कागदाने पास केलेल्या टाकीला सांडूने मान हलवली. मधुसूदनरावांनी टाकी अडवून धरली, आणि चार दिवसांनी ती आंबली. कंपनीने वार्षिक समारंभात मधुसूदनरावांना मनगटी घड्याळ दिलं. सांडू मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. घड्याळ घेताना आपण त्याचं नाव घ्यायला हवं होतं, हे मधुसूदनरावांना घरी पोचल्यावर सुचलं. नंतर बत्तीस वर्षं पुरी होईपर्यंत ते राहूनच गेलं.

त्याच वर्षी त्यांनी सांडूला तीन दिवस घरी बसवलं होतं. पाचव्या दिवशीच्या टाकीतली, अजून फसफसणारी कच्ची बिअर तो लोटीभर काढून पीत होता. म्हणजे नाकाशी धरून थांबला नव्हता, पीत होता. नियम म्हणजे नियम. सांडूनेही ते मनावर घेतलं नाही, चौथ्या दिवशी हसत कामावर आला.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत मधुसूदनराव पडेगावला गेले तेव्हा हे सगळं त्यांच्या मनात होतं, कारण सांडूच्या घशात गाठ निघाल्याचं आदल्या दिवशी कळलं होतं. पावसाने दोन वर्षं पाठ फिरवलेली. धरणात गाळ वर आला होता आणि शहरात नळाला पाचव्या दिवशी पाणी. तरीही शहराचं वाढणं काही थांबत नव्हतं. दौलताबादच्या रस्त्याने दोन्ही बाजूंना प्लॉटच्या पाट्या लागल्या होत्या, आणि एका पाटीवर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं. ते चित्र जिथे लावलं होतं तिथे पूर्वी सांडूची विहीर होती. जमीन गेली, विहीर बुजली, आणि आता तिच्या जागेवर वॉचमनची खोली आहे, असं सांडूनेच मागे कधी तरी सांगितलं होतं.

सांडू ओसरीत खाटेवर बसला होता. गळ्याला मफलर, उन्हातही. मधुसूदनरावांना बघून तो उठायला लागला तसा त्यांनी हाताने त्याला खाली बसवलं.

"तुमी कशाला तरास घेतला, साहेब," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता, पण शब्द कळत होते.

"डॉक्टर काय म्हणाले?"

उत्तर त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईने दिलं. ती दाराला टेकून उभी होती. "शेक द्यायचाय म्हणं मशीनवर. बत्तीस येळा. त्यानं आतून सगळं सोलून निघतंय. गिळायला आलं नाय तर पोटात नळी बसवत्यात. मंग तोंडानं पाणीबी द्यायचं नाय."

"कधी बसवतील नळी?"

"दीड-दोन महिन्यांत, म्हणले. लवकरबी बसंल."

सांडूला हे बोलणं नको होतं. त्याने बायकोला चहाला पिटाळलं आणि ती आत गेल्यावर मधुसूदनरावांकडे वळला. "एक मागू का, साहेब?"

"माग ना."

"नळी बसायच्या आदी आपली बीर एकदा प्यायची व्हती. बाजारात मिळती ती नाय. आपल्या टायमाची."

आपल्या टायमाची बिअर म्हणजे जर्मन पद्धतीची. कारखाना नवा होता तेव्हा म्युनिककडचा एक म्हातारा दोन वर्षं येऊन राहिला होता, त्याने शिकवलेली. थंडीत सावकाश मुरवायची, चाळीस दिवस टाकी हलवायची नाही. पुढे कारखाना विकला गेला, नव्या मालकाला चाळीस दिवस परवडेनात, आणि ती बिअर बंद पडली.

"करतो," ते म्हणाले. "घरी करतो. पण करीन ती नीट करीन."

सांडू खूश झाला. "नीट" ह्या शब्दाकडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही.

मृण्मयी, त्यांची मुलगी, पुण्याला नोकरीला होती. तिथे हौसेने घरी बिअर करणारी मंडळी असतात, त्यांच्यापैकी कोणाकडून तिने सुक्या यीस्टची चार पाकिटं मिळवली, दोन हिरवी, दोन पांढरी. शिवजयंतीच्या सुट्टीत ती घेऊन आली. हे असलं घरी करणं कायद्यात बसतं का, असं तिने विचारलं, आणि मधुसूदनरावांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

कारखान्यात त्यांनी सुकं यीस्ट कधी वापरलं नव्हतं. तिथे जिवंत, ओलं, पिठल्यासारखं यीस्ट एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जायचं, आणि मधुसूदनराव त्याच्यावर पोटच्या पोरासारखी नजर ठेवायचे. हे पाकिटातलं यीस्ट म्हणजे वाळूसारखे बारीक दाणे. पाहिल्यावर त्यांनी नाक मुरडलं. मग चष्मा लावून पाकिटांमागचं बारीक छापील तीनदा वाचलं, कागदावर दोन रकाने आखले, आणि पुंडलिकनगरच्या त्यांच्या घरात तीन दिवस दुसरा विषय राहिला नाही.

हिरव्या पाकिटातलं यीस्ट सोशिक होतं. अठरा-वीस अंश उष्णता ते सहन करायचं, लवकर कामाला लागायचं, आणि तीन आठवड्यांत पिण्याजोगी बिअर द्यायचं. पण थोडा वास मागे सोडायचं. अंड्यासारखा, गंधकाचा. पांढऱ्यातलं यीस्ट नाजूक. त्याला दहा अंशच हवेत. काम करायला दोन आठवडे घेणार, आणि त्याच्यावर पाच आठवडे बर्फासारख्या थंडीत झोपवायला लागणार. पण मग बिअर अशी निघते की धान्य आणि हॉप्सची कडू फुलं ह्यांच्याशिवाय तिच्यात तिसरं काही नाही. यीस्ट येऊन गेल्याची खूणसुद्धा राहत नाही. गंधक, लोणी, फळं, कसलाही वास नाही. यीस्टवाल्याच्या दृष्टीने ह्यापरती स्तुती नाही.

"लवकर होईल ते घाला," भानुमती म्हणाली. ती शेंगा सोलत बसली होती. बिअरला तिने जन्मभर हात लावला नव्हता आणि तिच्या स्वयंपाकघरात त्या प्रकाराला मज्जाव होता, पण सांडूच्या मनकर्णेबद्दल तिला माया होती.

"लवकरची वाईट नसते. पण ती आपली नव्हे."

"सांडूला कळणार आहे का तेवढं?"

"त्यालाच तर कळणार आहे."

"त्याला नळी बसणार आहे हो दोन महिन्यांत."

"सात आठवडे लागतील. दोन महिन्यांत बसतंय ते." हिशेब बरोबर होता. मधुसूदनरावांचे कागदावरचे हिशेब नेहमीच बरोबर असत. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांपुढे सांडूपेक्षा एक चित्र होतं. आपल्या बैठकीच्या खोलीत, खुर्चीवर, पाहुण्यासारखा बसलेला सांडू. हातात काचेचा उंच पेला, पेल्यात नितळ सोनेरी बिअर, वर दोन बोटं फेस. जी बिअर तो बत्तीस वर्षं दुसऱ्यांसाठी राखत आला ती त्याच्या पुढ्यात. घड्याळाची परतफेड, असं त्यांनी मनातही म्हटलं नाही, पण होतं ते तेच. तिथे अंड्याचा वास मारणारी बिअर चालणार नव्हती.

पांढरी पाकिटं ठरली.

मार्चच्या पहिल्या रविवारी बिअर शिजली. वीस लिटरची बिअर म्हणजे तीस लिटर पाणी, आणि पाणी गोडं हवं. टँकरचं पाणी कडक, भांड्यांवर पांढरे डाग सोडणारं. ते मशीनमधून गाळायचं तर जेवढं मिळतं तेवढंच वाया जातं. गल्लीतल्या बायका पहाटे बादल्या घेऊन रांगेत उभ्या असताना आपल्या घरात बिअरसाठी पाणी गाळलं जातंय, ह्याची भानुमतीला लाज वाटत होती, आणि तिने ती बोलून दाखवली. मधुसूदनरावांनी वाद घातला नाही. वाया गेलेलं पाणी त्यांनी पिंपात साठवलं, माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, उकळलेला काढा थंड करायला तांब्याच्या नळीतून फिरवलेलं पाणी धुण्याच्या टबात सोडलं, आणि पुढचे दहा दिवस स्वतःची आंघोळ तांब्याभर पाण्यावर उरकली. मागच्या व्हरांड्यातला जुना फ्रिज त्यांनी दहा अंशांवर लावला. माल्टचा काढा तेवढा थंड झाल्यावर दोन्ही पाकिटं कातरली आणि दाणे वरून अलगद भुरभुरले. थंडीत यीस्टला काम जड जातं, म्हणून एकाच्या जागी दोन पाकिटं. मग मनगटावरच्या घड्याळात वेळ बघून वहीत लिहिली आणि फ्रिजचं दार लावलं.

सहाव्या दिवशी सांडू आला. सरकारी दवाखान्यात त्याचा शेक सुरू झाला होता. तिथून परतताना मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून, खास वाट वाकडी करून आला. मुलाला त्याने बाहेरच थांबवलं. भानुमतीने पाणी दिलं, ते त्याने थांबत थांबत, पण सगळं प्यायलं.

"बगू द्या की," तो म्हणाला.

मधुसूदनराव त्याला व्हरांड्यात घेऊन गेले आणि फ्रिजचं दार उघडलं. आत डब्याच्या झाकणातली नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली, आणि बाटलीत बुडबुडे. दार उघडताच वास बाहेर आला. उकडलेल्या अंड्याचा, ओल्या पिठाचा, थोडा सफरचंदाचा, आणि नाकात चढणाऱ्या वायूचा. भानुमतीने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली.

सांडू मात्र खाली बसला. गुडघ्यांवर हात ठेवून त्याने चेहरा फ्रिजच्या दारात नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच होता. मधुसूदनरावांना वाटलं, चक्कर आली की काय.

"तळघर," सांडू म्हणाला. डोळे मिटलेलेच. "साहेब, तळघर हाय हे."

"अजून कच्ची आहे. हा वास जाईल सगळा."

"जाईल?"

"एक टिपूस राहणार नाही. ते पांढऱ्या पाकिटाचं यीस्ट आहे, फार साफ काम करतं."

सांडूने डोळे उघडले. मग मान वर न करता, जरा हसत म्हणाला, "मला तर साहेब अशीच आवडायची. कच्ची. तुमी एकदा धरलं व्हतं मला."

"आठवतंय. तीन दिवस घरी बसवलं होतं."

"व्हय. त्यातलीच लोटीभर द्या की आता. पेल्यात नको, लोटीतच द्या. चालंल मला."

मधुसूदनराव हसले. त्यांना खरोखर भरून आलं. हा माणूस आजारी असूनही आपल्याला त्रास नको म्हणून कच्च्यावर समाधान मानतोय, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर त्यांनी सांडूचं "चालंल" असंच ऐकलं होतं. सुट्टी नाही मिळाली तरी चालंल, रात्रपाळी दिली तरी चालंल, टाळ्या मागच्या रांगेतून वाजवायला लागल्या तरी चालंल. आता तरी त्याला चालवून घ्यायला लावायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "तुला कच्ची देणार नाही. ह्या हातांनी आजवर कच्चा माल दाराबाहेर सोडला नाही, आणि तुझ्यासाठी सोडू? थोडा दम धर. एप्रिलच्या शेवटी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवून पाजतो."

सांडूने पुन्हा मागितलं नाही. साहेबांकडे दोनदा मागायची त्याला सवय नव्हती. फ्रिजचं दार लावायच्या आधी त्याने अजून एकदा वाकून वास घेतला. मग भिंतीला हात लावत उठला, भानुमतीला नमस्कार केला आणि मुलामागे मोटारसायकलवर बसून गेला. त्याने जाताना मागे वळून पाहिलं, तेव्हा मधुसूदनराव वहीत त्या दिवशीचं तापमान लिहीत होते.

चौथ्या आठवड्यात मनकर्णाबाईचा फोन आला. शेक अर्ध्यावर आला होता, तोंड आतून फुटलं होतं, आणि आता फक्त पातळ पेज जात होती. "इचारत व्हते, झाली का म्हणून," ती म्हणाली.

"अजून तीन आठवडे. सांग त्याला, झकास उतरतेय."

फोन ठेवल्यावर भानुमती म्हणाली, "आज घोट तरी जातोय त्याच्या घशाखाली. आहे तशी द्या ना नेऊन."

"अर्धवट मुरलेली? ती आता ना कच्ची ना पक्की. मधल्या अवस्थेतली बिअर सगळ्यात वाईट."

"तो काय परीक्षेला बसलाय तुमच्या?"

"मी बसलोय त्याच्या," मधुसूदनराव म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

सहाव्या आठवड्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. बाहेर बेचाळीस अंश, आणि अकरा तास वीज नाही. मधुसूदनरावांनी गल्लीभर फिरून, चौकातल्या आइस्क्रीमवाल्याकडून, नंतर मासळीवाल्याकडून बर्फ आणला आणि डब्याभोवती पोत्यात रचला. तरी काटा सोळावर चढला. वीज आल्यावर त्यांनी चमचाभर बिअर काढून जिभेवर ठेवली. त्यांना लोण्याची पुसट चव लागली. भानुमतीला विचारायची सोय नव्हती, आणि ज्याला विचारावं तो पडेगावला खाटेवर होता. ती चव मुरून जावी म्हणून त्यांनी वहीत सात आठवडे खोडून साडेआठ केले. बाटलीत फेस धरायला चार दिवस धरून नऊ.

मेच्या पहिल्या मंगळवारी त्यांनी बाटल्या भरल्या. रिकाम्या डब्याच्या तळाशी यीस्टचा जाड, करडा थर बसला होता. त्यातून अजून तो जुना वास येत होता, अंड्याचा आणि ओल्या पिठाचा. शिस्तीप्रमाणे त्यांनी डबा लगेच धुतला. दोन बादल्या पाणी गेलं आणि थर मोरीतून वाहून गेला.

मेच्या दुसऱ्या रविवारी ते रिक्षाने पडेगावला निघाले. बर्फाच्या डब्यात चार बाटल्या, आणि जुन्या साडीत गुंडाळलेला उंच पेला. सांडूला पुंडलिकनगरला यायला जमणार नाही, असा निरोप आला होता, तेव्हा खुर्ची नाही तर नाही, पेला तरी असावा. त्या वर्षी झाडंसुद्धा अर्धी वाळली होती, आणि पोहण्याच्या तलावाची पाटी उन्हाने फिकी पडली होती. मधुसूदनरावांनी आदल्या दिवशी एक बाटली उघडून बघितली होती. नितळ. लोण्याचा मागमूस नाही. इतकी चांगली बिअर आपल्या हातून कारखान्यातही उतरली नव्हती, हे त्यांना कळलं होतं, आणि रिक्षात बसल्या बसल्या ते लहान मुलासारखे खुशीत होते.

सांडूची खाट ओसरीतून आत नेली होती. तो भिंतीकडे तोंड करून निजला होता. मनकर्णाबाईने त्याला हात धरून बसवलं, तेव्हा अंगरखा वर झाला आणि पोटावर चिकटपट्टीने लावलेली पिवळट नळी दिसली.

"कधी बसवली?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"धा दिस झाले. तुमाला कळवू नका म्हणले. साहेबांचं काम चालू हाय, घाई व्हईल म्हणले."

मधुसूदनराव खाटेच्या कडेवर बसले. बर्फाचा डबा त्यांच्या मांडीवर होता. तो खाली ठेवावा की नाही हे त्यांना काही वेळ कळेना. सांडूचा आवाज आता पूर्ण गेला होता. त्याने डब्याकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

"हो. झाली," मधुसूदनराव म्हणाले. "ओठाला लावू का थोडी? कापसाने?"

सांडूने मान हलवली. मनकर्णाबाई म्हणाली, "पाण्यानंबी आग व्हती त्यांना. कापूस टेकला तरी डोळ्यांतून पाणी येतंय." तिने सांडूच्या पाठीमागे उशी सरकवली. "वास घेऊ द्या. नाक चांगलं हाय अजून. तुमच्या घरून आले ना त्या दिशी, दोन दिस त्याच वासाचं बोलत व्हते. तळघराचा वास आला म्हणले. तेवढ्यासाठी तर वाट बघत्यात."

मधुसूदनरावांनी बाटली उघडली. त्यांनी पेला तिरपा धरून सराईतपणे बिअर ओतली. सोनेरी, आरपार दिसणारी, वर बरोबर दोन बोटं फेस. मनात पाहिलेल्या चित्रातली बिअर ह्याहून वेगळी नव्हती. सवयीने त्यांनी पेला आधी स्वतःच्या नाकाशी नेला.

पेल्याला वासच नव्हता. फार जवळ नेलं तर भिजवलेल्या धान्याचा एक धागा लागत होता, तोही शोधला तर. गंधक नाही, पीठ नाही, सफरचंद नाही. तळघर नाही. नऊ आठवडे खपून, बर्फाची पोती वाहून त्यांनी तो वास एकेक करून काढून टाकला होता, आणि जो थोडा उरला होता तो मंगळवारी दोन बादल्या पाण्याबरोबर मोरीत गेला होता.

सांडू वाट बघत होता. मधुसूदनरावांनी पेला दोन्ही तळव्यांत धरला आणि घट्ट दाबून ऊब द्यायला लागले. बिअर थंडच प्यायची, ती हाताने कधी तापवायची नाही, हे कामगारांना जन्मभर शिकवलेला माणूस तो. पण ऊब लागली की वास उठतो, थोडा तरी उठतो. फेस विरला. बिअर कोमट झाली. त्यांनी पुन्हा वास घेतला. काही नाही. आता आणखी काय करावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी पेला सांडूपुढे धरला.

सांडूने दोन्ही हातांनी पेला धरला आणि मान खाली घालून नाक थेट काठाशी नेलं. डोळे मिटले. श्वास आत घेतला, धरून ठेवला, सोडला. पुन्हा घेतला. तळघरात तो एका टाकीला एकदाच वास घ्यायचा, आज तो चौथ्यांदा घेत होता. मनकर्णाबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. मधुसूदनराव जमिनीकडे बघत होते, कारण त्या चेहऱ्यावर काय दिसणार हे त्यांना ठाऊक होतं.

"सांडू," ते म्हणाले, "मी चुकलो रे. त्या दिवशीच द्यायला हवी होती."

सांडूने डोळे उघडले. साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं घड्याळ, बिअरने ओली झालेली बाही, पांढरे पडलेले ओठ, सगळं त्याने नीट पाहिलं. मग त्याने पेला मांडीवर टेकवला आणि उजवा हात वर केला. अंगठा ताठ, पूर्वी तळघरात करायचा तसा. चेहऱ्यावर हसूसुद्धा आणलं.

"आला व्हय वास?" मनकर्णाबाईने विचारलं, आणि त्याने मान डोलावली. ती डोळे पुसत आत गेली.

मधुसूदनराव त्या अंगठ्याकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांत सांडूने एकाही टाकीला खोटा अंगठा दाखवला नव्हता.